‘हुकूमनामा वर्ग करणे’ की ‘हुकूमनाम्यावर दावा लावणे’? हद्दीपलीकडच्या वसुलीचे शब्द

तळटीप: १९४७ पूर्वीच्या सावकारी व्यवहारांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. कर्जाचा निकाल वेंगुर्ल्याला, म्हणजे ब्रिटिश मुलखात लागला आणि ऋणको सावंतवाडी संस्थानात किंवा पोर्तुगीज गोव्यात राहतो. पुढे सावकार जे काही करील त्याला सरसकट ‘अंमलबजावणी’ लिहावे का? जुन्या कागदांत बजावणी, दरखास्त, वर्ग, जप्ती असे शब्द येतात. ते एकमेकांच्या जागी चालतील?

नाझरकचेरी: नाही चालणार, ताई. बजावणी समन्सची किंवा नोटिशीची होते आणि ती बेलीफ करतो. अंमलबजावणी हुकूमनाम्याची, म्हणजे दाव्याच्या निकालावर दिवाणी कोर्ट जो लेखी हुकूम (डिक्री) काढते त्याची. दरखास्त हा फारसीत नुसता ‘विनंती’ला शब्द, पण आपल्याकडच्या दिवाणी कोर्टात दरखास्त म्हटली की हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचाच अर्ज. दावा जिंकलेला वादी तिथे ‘दरखास्तदार’ होतो. जप्ती ही दरखास्तीच्या पोटातली एक पायरी, लिलाव तिच्या पुढची. कोशात ‘निष्पादन’ही सापडेल. ते दस्तासाठी ठेवा, खरेदीखत निष्पादित होते. हुकूमनाम्याचे निष्पादन झाले असे कोर्टाच्या आवारात कोणी म्हणत नाही.

‘वर्ग’ मात्र जपून वापरा. शब्द जमाखर्चातला आहे. एका खात्यावरची रक्कम दुसऱ्या खात्यावर वर्ग होते, पण दोन्ही खाती एकाच वहीत असावी लागतात. हुकूमनाम्याचेही तेच. पुण्याचा हुकूमनामा रत्नागिरीला वर्ग होतो, कारण दोन्ही कोर्टे एकाच दिवाणी प्रक्रिया संहितेखाली. कलम ३९ आणि आदेश २१ नियम ६ प्रमाणे निकाल देणारे कोर्ट तीन कागद पाठवते: हुकूमनाम्याची नक्कल, वसुली झाली नाही किंवा किती झाली याचा दाखला, आणि अंमलबजावणीचा आधी काही आदेश झाला असल्यास त्याची नक्कल (झाला नसल्यास तसा दाखला). बहुतेक वेळा अडते ते मधल्या कागदावर. पाच हजारांपैकी हजार आधीच वसूल झालेले असतात आणि दाखल्यात पूर्ण रक्कम बाकी दिसते. ऋणको पावती पुढे करतो आणि दरखास्त हिशेबातच अडकते.

सीमेवरचा: वहीचा दाखला चोख आहे. त्यात थोडी भर.

‘अंमल’ मराठीत आला अरबीतून. मूळ अर्थ कृती, काम. आपण मात्र तो सत्तेसाठी वापरतो: पेशव्यांचा अंमल, इंग्रजी अंमल. म्हणून ज्या मुलखात कोर्टाच्या धन्याचा अंमल नाही, तिथे अंमलबजावणी कशी होणार? शब्दच सांगतो. हद्द ओलांडली की हुकूमनामा हुकूम राहत नाही. तो ‘अमक्याचे तमक्याकडे इतके येणे आहे’ याचा पुरावा होतो, आणि त्या पुराव्यावर तिथल्या कोर्टात नवा दावा लावावा लागतो. १९०८ च्या मुदत कायद्यात अशा दाव्याला निकालाच्या तारखेपासून सहा वर्षे होती, अनुच्छेद ११७ प्रमाणे. १९६३ च्या कायद्यात, अनुच्छेद १०१ खाली, ती तीन वर्षांवर आली. इथे बरेच जण फसतात. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची बारा वर्षे डोक्यात असतात, आणि दाव्याची मुदत केव्हाच सरलेली असते.

तेव्हा तुमच्या वेंगुर्लेकर सावकारासाठी ‘हुकूमनाम्यावर दावा लावला’ लिहा. उलट दिशेला एक सोय होती. ज्या संस्थानांसाठी ब्रिटिश सरकारने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ खाली अधिसूचना काढली, त्यांच्या कोर्टांचे हुकूमनामे ब्रिटिश मुलखात तिथल्याच हुकूमनाम्यासारखे चालत. तिथे ‘अंमलबजावणी’ बरोबर. गोव्याला ही सोय नव्हती, कारण कलम ४४ देशी संस्थानांपुरते होते आणि गोवा पोर्तुगालचा.

तळटीप: मग ‘फॉरिन जजमेंट’ला परदेशी निकाल म्हणू ना?

सीमेवरचा: ‘परदेशी’ वाचले की डोळ्यांपुढे लंडन येते. इथे तर कोल्हापूरचे कोर्टही बेळगावच्या कोर्टाच्या दृष्टीने ‘फॉरिन’. मी ‘परकीय न्यायनिर्णय’ लिहीन, आणि जुन्या काळाच्या संदर्भात ‘परहद्दीतला हुकूमनामा’. परहद्द म्हटले की अंतर किती ते गौण ठरते, अंमल कोणाचा तेवढे उरते.

नाझरकचेरी: परहद्द आवडला. आता ‘एकतर्फी’बद्दल, कारण लेखात तो नक्की येणार.

घरच्या कोर्टात प्रतिवादी आला नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो आणि तो पुरता चालतो. परहद्दीत तोच बहुधा कोसळतो. १८९४ चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानासाठी लंडनमधल्या शेवटच्या अपिली न्यायालयाचा, फरीदकोट निकाल पाहा. फरीदकोटच्या राजाने आपल्या माजी खजिनदारावर संस्थानच्या कोर्टात एकतर्फी हुकूमनामे मिळवले आणि त्यांवर लाहोरला, ब्रिटिश कोर्टात, दावे लावले. खजिनदार तोवर फरीदकोट सोडून दुसऱ्या संस्थानात राहत होता आणि दाव्यात कधी हजरच झाला नव्हता. प्रिव्ही कौन्सिलने ठरवले की परहद्दीत अशा निकालाला काही किंमत नाही. देण्याचा व्यवहार फरीदकोटात झाला होता, एवढ्याने भागत नाही. आपल्या संहितेच्या कलम २० प्रमाणे दाव्याचे कारण जिथे घडले तिथे दावा लावता येतो, पण तो अधिकार हद्दीच्या आतला. पलीकडे मानला जायचा तर दावा लागला तेव्हा प्रतिवादी त्या हद्दीत राहत असावा, किंवा तो आपण होऊन हजर झालेला असावा, किंवा त्याने करारातच त्या कोर्टाचा अधिकार कबूल केलेला असावा.

याचे मराठी माणसाशी नाते असलेले उदाहरण ग्वाल्हेरचे. सरदार शितोळ्यांनी ग्वाल्हेरच्या कोर्टात अलाहाबादच्या प्रतिवादींवर दावा लावला. ते आले नाहीत, १९४८ मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. १९५१ मध्ये संहिता तिकडेही लागू झाली, वही एक झाली, आणि हुकूमनामा अलाहाबादला वर्ग झाला. तरी १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने सांगितले की झाला तेव्हा तो अलाहाबादच्या दृष्टीने परकीय होता, नंतर हद्द पुसली म्हणून त्यात जीव येत नाही. म्हणजे माझा वहीचा दाखला अर्धाच खरा. नोंद झाली त्या दिवशी वह्या वेगळ्या होत्या का, तेही पाहायचे.

मांडवीकाठ: गोव्याची बाजू राहिली. पोर्तुगीज पद्धतीत वर्गही नाही आणि नवा दावाही नाही, तिसरीच वाट. परकीय निकाल वरिष्ठ न्यायालयापुढे न्यायचा, त्याने तो तपासून पुष्टी द्यायची, मग खालचे न्यायालय जप्तीला हात घालणार. तपासणीत कर्ज खरे की खोटे हे सहसा पुन्हा उकरत नाहीत. निकाल अस्सल आहे ना, अंतिम आहे ना, प्रतिवादीला रीतसर बोलावले होते ना, एवढे बघतात. मराठीत ‘परीक्षण व पुष्टी’ लिहावे. ‘मान्यता’ पुरेसे नाही, तो शब्द फार ढिला आहे.

शितोळे निकालाच्या शेजारी गोव्याचा एक निकाल ठेवा. मुंबईत १९६० मध्ये, म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडे असताना, गोव्यातल्या एका व्यापाऱ्याविरुद्ध हुकूमनामा झाला. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी दिवाणी प्रक्रिया संहिता तिथे लागू झाली १९६६ मध्ये. मधल्या काळात पणजीला जाऊन उपयोग नव्हता. नंतर हुकूमनामा वर्ग होऊन आला आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो चालवू दिला. इथे वेगळे काय होते? प्रतिवादी मुंबईच्या कोर्टात हजर झाला होता.

तळटीप: म्हणजे परगावच्या कोर्टात हजर न होणेच ऋणकोच्या फायद्याचे?

नाझरकचेरी: त्या हद्दीत मालमत्ता नसेल तरच. असेल तर तिथल्या तिथे जप्त होते, आणि तिथे एकतर्फी हुकूमनामा पुरता कायदेशीर असतो. आणखी एक, ‘एकतर्फी’ म्हणजे ‘गुणावगुणांवर नसलेला’ असे लिहू नका. परकीय निकाल कधी मानायचा नाही हे सांगणाऱ्या संहितेच्या कलम १३ मध्ये हे आक्षेप वेगळे आहेत. प्रतिवादी गैरहजर असला तरी कोर्टाने पुरावा तपासून निकाल दिला असेल तर तो गुणावगुणांवरच असतो. गैरहजेरीची शिक्षा म्हणून मागितले तेवढे देऊन टाकले असेल तर नसतो.

सीमेवरचा: लेख आजपर्यंत येत असेल तर कलम ४४-क पाहा, ते १९३७ मध्ये आले. सरकारने ‘व्यतिकारी प्रदेश’ (रेसिप्रोकेटिंग टेरिटरी, परस्परांचे हुकूमनामे मानणारा) म्हणून जाहीर केलेल्या देशांच्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे प्रमाणित नक्कल आणि वसुलीचा दाखला जोडून थेट जिल्हा न्यायालयात दाखल करता येतात. कर आणि दंड सोडून. जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीही त्यात आहेत, म्हणून दुबईचे बँककर्ज बुडवून कोकणात परतलेल्या माणसाच्या बाबतीत आता ‘अंमलबजावणी’ लिहायला हरकत नाही. ‘व्यतिकारी’ हा शब्द मात्र मला अजून पचलेला नाही. कोणाला बरा सुचला तर सांगा.

मांडवीकाठ: ‘परतफेडीचा प्रदेश’ नको, कर्जाच्या लेखात घोटाळा होईल. ‘अन्योन्य प्रदेश’ कसा वाटतो?