मदत हवी आहे: २ लिटर हायड्रोजन + १ लिटर ऑक्सिजन = २ लिटर वाफ, मग १ लिटर गेला कुठे?

नमस्कार मंडळी,

संध्याकाळी घरी अकरावी सायन्सच्या काही मुलांचा अभ्यास घेते, बहुतेक जण दहावीपर्यंत मराठी माध्यमातले. केमिस्ट्रीचा पहिलाच धडा चालू आहे, मूलद्रव्य, संयुग, मिश्रण हे भराभर झालं, द्रव्य अक्षय्यतेचा नियमही पटला कारण हिशोब डोळ्यासमोर दिसतो, ४ ग्रॅम हायड्रोजन, ३२ ग्रॅम ऑक्सिजन, पाणी ३६ ग्रॅम, कुठे काही कमीजास्त नाही. गाडी अडली ती गे-ल्युसॅकच्या नियमावर. तापमान आणि दाब तेच ठेवले तर २ लिटर हायड्रोजन आणि १ लिटर ऑक्सिजनची वाफ होते २ लिटर. एका मुलीने वहीत ३ ला गोल केला, २ ला गोल केला आणि म्हणाली, "काकू, वजन तेवढंच राहिलं ना? मग १ लिटर कुठे गेला?"

बरं, दरवेळी सारखं घटतं असंही नाही. १ लिटर नायट्रोजन आणि ३ लिटर हायड्रोजनचा अमोनिया होतो २ लिटर, म्हणजे ४ चे थेट २. आणि १ लिटर हायड्रोजन, १ लिटर क्लोरीन घेतला तर हायड्रोजन क्लोराइड बरोब्बर २ लिटर, तिथे काहीच घटत नाही!

समीकरण बॅलन्स केलं की पुढचे आकडे हेच लिटर, हे मी सांगितलं आणि गणितं सुटायलाही लागली. पण तीच मुलगी परत विचारते की ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या सोळापट जड आहे तर दोघांना जागा सारखीच कशी लागते. अ‍ॅव्होगॅड्रोने सांगितलंय म्हणून (तापमान आणि दाब सारखे असले की सारख्या जागेत कुठल्याही वायूचे रेणू तेवढेच), असं उत्तर मला द्यायचं नाहीये. पोरगी इतकं छान विचारतेय तर तिला कारण कळायला हवं. कृपया "सीईटीला एवढं खोल विचारत नाहीत, सोडून द्या" असं सांगू नका.

प्रतिसाद १

ताई, मुलीला आधी शाबासकी द्या, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या लोकांनाही सुटत नव्हता.

पहिली गोष्ट म्हणजे आकारमान टिकलं पाहिजे असा नियमच नाही. अणूंची संख्या टिकते, वस्तुमान टिकतं. वायूने व्यापलेली जागा ही जवळजवळ सगळी मोकळीच असते, रेणूंची स्वतःची जागा त्यात नगण्य. मुलांना एकच उदाहरण द्या, १८ ग्रॅम पाणी म्हणजे १८ मिली, तेच १०० अंश सेल्सिअसला वाफ झालं की ३० लिटरच्या वर जागा घेतं, रेणू तेच, तेवढेच, फक्त लांब लांब गेले. ० अंश आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला वायूच्या दोन शेजारी रेणूंमधलं सरासरी अंतर साधारण ३.३ नॅनोमीटर येतं, रेणू त्याच्या दहाव्या भागाएवढा. मग रेणू थोडा लहान असो की मोठा, त्याने काय फरक पडणार, किती रेणू आहेत तेवढंच महत्त्वाचं.

आता जडपणाचं. तापमान सारखं म्हणजे रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा सारखी. हायड्रोजन सोळापट हलका, म्हणून चौपट वेगाने पळतो, २५ अंशाला सेकंदाला १९०० मीटरच्या आसपास, ऑक्सिजन ४८० च्या आसपास. भिंतीवर हायड्रोजनचा एकेक धक्का ऑक्सिजनच्या धक्क्याच्या पाव, पण धक्के बसतात चौपट. गुणाकार सारखाच! म्हणून तेवढेच रेणू, तेवढीच जागा, दाबही तेवढाच.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. थोडा इतिहासही सांगा, मुलांना आवडतो. गे-ल्युसॅकने नियम मांडला १८०८ मध्ये आणि अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनला तो मान्यच नव्हता, कारण १ लिटर ऑक्सिजनची २ लिटर वाफ व्हायची तर ऑक्सिजनचा कण मधोमध तुटायला हवा, आणि डाल्टनचा अणू तर अविभाज्य. १८११ मध्ये अ‍ॅव्होगॅड्रो म्हणाला की तुटतो तो रेणू, अणू नव्हे, ऑक्सिजन जोडीने राहतो. सारखे अणू एकमेकांना चिकटतील हे डाल्टनला पटणारं नव्हतं. पुढे १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या रसायनशास्त्र परिषदेत कॅनिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने हा विचार जोरकसपणे मांडला तेव्हा कुठे लोक वळायला लागले, आणि अ‍ॅव्होगॅड्रो तर १८५६ मध्येच वारला होता, याचं मला फार वाईट वाटतं.

मी वर्गात बटणं वापरते. पांढऱ्यांच्या दोन जोड्या, लालची एक जोडी, म्हणजे तीन गट. जोड्या मोडून प्रत्येक लालला दोन पांढरी द्या, गट उरले दोन, बटणं सहाची सहाच. अमोनियाला चार गटांचे दोन होतात, बटणं आठ. हायड्रोजन क्लोराइडला दोन गटांचे दोनच. गट म्हणजे लिटर, बटणं म्हणजे वजन.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! धक्के पाव पण चौपट वेळा, हे तर मलाच इतकं आवडलं. घरी करून दाखवता येईल असं काही आहे का?

प्रतिसाद १

उलटा प्रयोग करा, पाण्याचं विघटन. ९ व्होल्टची बॅटरी, पेन्सिलीतली दोन शिसं, पाण्यात खायचा सोडा. मीठ घालू नका, क्लोरीन निघतो. दोन्ही शिसांवर पाण्याने भरलेल्या नळ्या उलट्या धरा, ऋण टोकाच्या नळीत वायू साधारण दुप्पट जमतो. ऑक्सिजन थोडा कमीच भरतो, काही पाण्यात विरघळतो आणि काही शिसातल्या कार्बनला खातो, त्यामुळे आकडा तंतोतंत आला नाही तर मुलांना कारण शोधायला सांगा. खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी पेटवू नका.

आणि तिला विचारा, ३ लिटर ऑक्सिजनचा सगळा ओझोन झाला तर किती लिटर? ओझोनच्या रेणूत अणू तीन.

धागाकर्ती

बटणं न घेताच २ लिटर म्हणाली! आता विचारतेय, ती १०० अंशाची २ लिटर वाफ गार होऊन पाणी झालं तर किती भरेल.

प्रतिसाद १

सव्वा मिलीच्याही किंचित कमी. ड्रॉपरने मोजून दाखवा तिला.