तेच तेच वाजवून मन उडत असेल तर

'तीच सिंफनी पुन्हा लागली की हात आपोआप चालतात, मन लागत नाही,' असं ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिन (बहुतेकदा साथ देणारा व्हायोलिनचा दुसरा गट) वाजवणाऱ्या एकांनी लिहिलंय. समोरच्या कागदावर फक्त आपलीच ओळ असते, तिथेच बरंचसं बिनसतं. पूर्ण स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेली प्रत) घ्या, एकच मूव्हमेंट (सिंफनीचा एक भाग) निवडा आणि आपल्या साथीच्या सुरांवर त्या क्षणी मुख्य धून कुणाकडे आहे ते पेन्सिलीने लिहा: ओबो, चेलो, हॉर्न. पुढच्या तालमीत कान तिकडे ठेवा. तोच ट्रेमोलो (गज भराभर हलवून वाजवलेला थरथरता सूर) वेगळा वाजतो, खरंच!

शिवाय सेक्शनमध्ये (एकाच वाद्याच्या गटात) मिसळून वाजवताना स्वतःचा टोन हळूहळू आक्रसतो. म्हणून सरावाची पहिली १५ मिनिटं बाखच्या एकल रचनांना द्या, ऑर्केस्ट्राचे अवघड तुकडे नंतर. आणि क्वार्टेट (चार वादकांचा गट) जमवाच. तिथे बोइंग (गज कधी वर, कधी खाली न्यायचा ते), वेग सगळं चौघांनी भांडून ठरवायचं असतं.