प्राजक्ताच्या कळ्या न उमलताच गळताहेत, मदत हवी आहे

पाऊस गेला, शरद लागला, पहाटे दव पडू लागलंय आणि गच्चीवरच्या प्राजक्ताखाली मात्र सडा नाही. झाड पुण्यात, १८ इंची कुंडीत, तिसरं वर्ष. दुपारी ३ पर्यंत थेट ऊन. गेल्या वर्षी याच दिवसांत ओंजळभर फुलं रोज मिळायची, म्हणून जीव जास्तच तुटतोय.

शेंड्यांना कळ्यांचे झुबके भरपूर येतात. केशरी देठ दिसू लागतो आणि कळी तशीच मिटलेली खाली पडते. पानं हिरवीगार, नेहमीसारखी खरखरीत. भिंगातून पाहिलं, मावा किंवा पिठ्या ढेकूण नाही. छाटणी मे महिन्यात केली होती, शेणखत गणपतीत दोन ओंजळी घातलं. ऑक्टोबरचा उकाडा वाढल्यावर रोज पाणी दिलं, मग दिवसाआड, फरक नाही. कुंडीची भोकं मोकळी आहेत, पण एका भोकातून मुळं बाहेर डोकावताहेत.

जमिनीत लावायला जागा नाही. शेजारी मधमाश्यांचं पोळं आहे, त्यामुळे रासायनिक फवारणी करणार नाही.

ही गळ उन्हाची की मुळं कोंडल्याची, कसं ओळखायचं? आणि मुळांची असेल तर कुंडी आत्ताच बदलू, की बहर सरेपर्यंत थांबू?