मदत हवी आहे: निकेलवरचा कार्बन अभिक्रियेतला की हवेतला?

नमस्कार मंडळी. मी खानापूरची, बेळगावात एम.एस्सी. करतेय. गोबर गॅसमधल्या मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडपासून सिन्गॅस (हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं मिश्रण) करणारा, अ‍ॅल्युमिनावरचा (म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडवरचा) निकेल उत्प्रेरक हा माझा विषय. वापरलेल्या पावडरीचं एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखायची चाचणी) बाहेरून करून घेतलं. आलेखातलं कार्बन १एसचं (कार्बनच्या आतल्या इलेक्ट्रॉनांचं) मोठं शिखर हवेतल्या कार्बनचं धरून २८४.८ इलेक्ट्रॉन व्होल्टला जुळवून आलंय. पण माझ्या नमुन्यात ते बरंचसं ग्राफाइटसारख्या कोकचं (अभिक्रियेत साचलेल्या कार्बनचं) असणार, म्हणजे २८४.५ च्या जवळचं! जुळवणीच चुकली असेल, तर शिखराला लागून असलेला २८३ कडचा छोटा खांदा कार्बाइडचा (निकेलशी जोडलेल्या कार्बनचा) म्हणायचा की नाही? त्यावरच माझं सगळं अडलंय. अ‍ॅल्युमिनियम २पी शिखरावर (उत्प्रेरकाच्या अॅल्युमिनातल्या) आलेख जुळवला तर चालेल का? आणि पुढचा नमुना हवा न लागता पाठवायचा कसा? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. कन्नडमध्ये लिहिलंत तरी चालेल.