प्रतिसाद: ठाणे लोकसभा पहिल्यापासून शिवसेनेची नव्हती

वर कुणीतरी लिहिलंय की ठाणे लोकसभा 'पहिल्यापासून सेनेचीच'. नगरपालिका सेनेने १९६७ मध्येच जिंकली, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण खासदारकीचं तसं नाही. १९७७ आणि १९८० ला इथून जनता पक्षाचे रामभाऊ म्हाळगी निवडून आले. ८४ ला काँग्रेसचे शांताराम घोलप, मग ८९ आणि ९१ ला भाजपचे राम कापसे. सेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांच्या आग्रहामुळे जागा सेनेकडे आली ती थेट १९९६ ला. प्रकाश परांजपे तेव्हापासून सलग चारदा जिंकले. ही गोष्ट विसरली जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

खरी उलथापालथ झाली मतदारसंघांच्या पुनर्रचनेत, ठाण्यातून कल्याण वेगळा झाला तेव्हा. तोवर डोंबिवलीची माझी आत्या आणि ठाण्याच्या नौपाड्यातले आम्ही एकाच खासदाराला मत द्यायचो. ठाण्याची २००८ ची पोटनिवडणूक जिंकलेले, प्रकाश परांजपेंचे पुत्र आनंद परांजपे २००९ ला कल्याणमधून उभे राहिले, तेव्हा आत्याच्या यंत्रावर त्यांचं नाव होतं, आमच्या नाही. ठाण्यात त्या वर्षी राष्ट्रवादीचे संजीव नाईक आले. मतदारसंघात नवी मुंबईतलं ऐरोली-बेलापूर, म्हणजे नाईकांचा बालेकिल्ला, आहे हे धरल्याशिवाय तो निकाल कळतच नाही.