मदत हवी आहे: श्रीलंका, ७ दिवस, फक्त जंगल आणि डोंगर (लवकर सांगा)

केळीवाला_रावेर
रामराम मंडळी. कांदेबाग लावून झाली की चौघं जण श्रीलंकेला निघणार आहोत. ७ दिवस. देवळं, रामायणातल्या जागा, समुद्र, खरेदी काही नको. जंगल, धबधबे, हत्ती, चहाचे डोंगर पाहिजेत. एजंटाच्या कार्यक्रमात कोलंबोत दोन मुक्काम, बेंटोटाच्या समुद्रकिनाऱ्यावर दोन, वर मसाल्याची बाग आणि रत्नांचं दुकान. मसाला पाहायला लंकेत कशाला जाऊ? आमच्या घरी वर्षाचा मसाला कुटतात. शुक्रवारपर्यंत पैसे भरा म्हणतो. कुठं जायचं ते सरळ सांगा, लांबलचक लेख नको.

पुणेरी_झोळी
कांदे लावून झाले की म्हणजे नक्की कोणता महिना? तिकडे सगळं महिन्यावर आहे.

केळीवाला_रावेर
कांद्याचा काय संबंध? कांदेबाग केळीचीच असते. महिना सगळ्यांना माहीत आहे.

तापीकाठ
सगळ्यांना म्हणजे रावेर, यावल, चोपड्याला. पुण्याच्या माणसाला कसं कळणार भाऊ? झोळी, मृगबाग जून-जुलैत लावतात आणि कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे हे नोव्हेंबर म्हणताहेत.

पुणेरी_झोळी
मग थांबा. लंकेत दोन मोसमी पाऊस. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, तो दक्षिण-पश्चिम बाजूला आणि डोंगरात पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तो मुख्यतः पूर्वेला. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्या बेटावर गडगडाटी पावसाचे, वादळंही त्याच सुमाराला येतात. जंगल आणि डोंगरच बघायचे तर फेब्रुवारी-मार्च. हॉर्टन प्लेन्स चुकवू नका. २१०० मीटरवरचं पठार, सांबर अगदी जवळून दिसतात, 'वर्ल्ड्स एंड'च्या कड्यावरून खाली बघताना पोटात गोळा येतो. साधारण नऊ किलोमीटरची फेरी आहे. पहाटे निघा, नऊ-दहानंतर धुकं चढलं की पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही.

भटकी_मावशी
उगाच घाबरवू नका हो. मी नोव्हेंबरच्या शेवटीच गेले होते. सकाळी ऊन, तीन वाजले की पाऊस. धबधबे भरून वाहत होते आणि गर्दी नव्हती. सिंहराजाला नक्की जा, पावसाचं खरं जंगल ते. १९८८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. वाटाड्या घ्यावाच लागतो. फक्त जळवा! मीठ आणि पोटरीपर्यंतचे मोजे न्या. माझ्या जाऊबाई एक जळू बघून जीपमध्ये बसल्या त्या बाहेर आल्याच नाहीत.

पुणेरी_झोळी
मावशी, तुम्हाला चांगलं हवामान मिळालं हे तुमचं नशीब. त्यावर दुसऱ्याचे लाखभर रुपये लावायचे?

भटकी_मावशी
नशीब नव्हे, रेनकोट.

शेवभाजी_९
कसाले लंकाले जातस भो? आपला तोरणमाळ काय कमी शे? यशवंत तलाव शे, सीताखाई शे, थंडी शे. गाडी काढ नि जाय.

केळीवाला_रावेर
तोरणमाळ चार वेळा झालंय भाऊ. पालचं जंगल तर आमच्या अंगणात, मनुदेवीला दर श्रावणात जातो. प्रश्न लंकेचा आहे.

डोंबिवलीकर_मूळ_अमळनेर
तोरणमाळपेक्षा पाटणादेवी केव्हाही सरस. चाळीसगावहून जवळ, गौताळ्याचं जंगल, केदारकुंड, आणि भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख. तोरणमाळला पावसाळा सरला की सीताखाईत बघायला काय उरतं?

शेवभाजी_९
आणि तुमना केदारकुंडले मार्चमा पाणी ऱ्हास का? डोंबिवलीत बसीसन चाळीसगाव सांगी ऱ्हायना.

तापीकाठ
तुम्ही दोघं दुसरा धागा काढा. रावेरभाऊ, चौघं म्हणजे कोण कोण?

केळीवाला_रावेर
मी, मंडळी, मुलगा नऊ वर्षांचा आणि आई. आईला ६८ पूर्ण. गुडघे दुखतात, पण हत्ती पाहायचा तिचाच हट्ट आहे.

पुणेरी_झोळी
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं! मी त्यांना नऊ किलोमीटर चालवत होतो. हॉर्टन प्लेन्स रद्द, सिंहराजाही रद्द. असं करा. विमानतळ कोलंबो शहरात नाही, उत्तरेला कटुनायकेला आहे, तेव्हा कोलंबोत मुक्काम कशाला? उतरून थेट कँडी. तिथून एल्लापर्यंत रेल्वे, सहा-सात तास लागतात, पण चहाचे मळे खिडकीतूनच बघून होतात. वाटेत पट्टीपोला लागतं, तिथलं सर्वांत उंच स्टेशन, १८९८ मीटर. आईंना एक पाऊलही चालावं लागत नाही. आरक्षित जागा मात्र महिनाभर आधी सुटतात आणि लगेच संपतात. गाडी पूर्ण मार्गावर चालू आहे ना, हे तेव्हा विचारून घ्या. एल्लात दोन मुक्काम. रावण धबधबा रस्त्याला लागूनच आहे. नाव रामायणातलं, चालेल ना? मग उडवलवे, हत्तींचं राष्ट्रीय उद्यान, दोन मुक्काम. वाटेत दियालुमा, २२० मीटरचा धबधबा, खालच्या रस्त्यावरूनही छान दिसतो.

भटकी_मावशी
उडवलवेला माझंही मत. मोकळं गवताळ रान, हत्ती बाराही महिने. 'याला' नावाचं दुसरं उद्यान बिबट्यासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे आम्हाला एका बिबट्यामागे पंचवीस जीपा दिसल्या.

नवा_प्रवासी_धुळे
वाघ कुठे दिसेल?

तापीकाठ
लंकेत वाघ नाही. बिबट्या हाच तिथला सर्वांत मोठा शिकारी. वाघ पाहिजे तर मेळघाटात जा.

भटकी_मावशी
रावेरकर, आई मांसाहार करतात का?

केळीवाला_रावेर
माळकरी आहे. अंडंसुद्धा नाही. सगळीकडे भाजी-भात मिळतो म्हणून एजंट सांगतो.

भटकी_मावशी
भाजी-भात मिळतो, पण फसवा असतो. खोबऱ्याची लाल चटणी देतात, पोल संबोल. तिच्यात वाळलेल्या मासळीचा चुरा असतो, उंबलकड म्हणतात. भाजीतही घालतात आणि त्याला कोणी मासळी समजत नाही. तुम्ही 'व्हेज' म्हणालात तरी तो चुरा पडतोच. "उंबलकड नको" असंच शब्दाने सांगा. नारळाच्या दुधातली मसूर डाळ, परिप्पू, आणि तांदळाच्या शेवया आईंना चालतील, तरी आधी तेच विचारा. कळण्याच्या पिठाची पुरचुंडी आणि ठेचा बरोबर असू द्या.

तापीकाठ
आईंचा पासपोर्ट आहे ना?

केळीवाला_रावेर
काढायचा आहे. तिचा आणि मुलाचा.

पुणेरी_झोळी
दोघांचे पासपोर्ट नाहीत आणि शुक्रवारी पैसे भरताय???

केळीवाला_रावेर
एजंट म्हणाला होऊन जाईल.

तापीकाठ
तो म्हणणारच. आधी पासपोर्ट हातात येऊ द्या, आता पोस्टातल्या केंद्रातही काम होतं. मग लंकेची ऑनलाइन परवानगी. तिचे नियम आणि फी बदलत असते, सरकारी संकेतस्थळावरच बघा. म्हणजे नोव्हेंबर आपोआप गेला. फेब्रुवारी धरा.

केळीवाला_रावेर
जानेवारीत थंडीने बाग अडते, करपाही तेव्हाच. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्या भावावर सोडून निघता येईल. त्याला आत्ताच सांगितलं तर तो आधी स्वतःची सहल ठरवील, म्हणून गप्प बसतो.

भटकी_मावशी
आणि हो, तुम्ही केळीवाले ना? उडवलवे, एंबिलिपिटियाच्या बाजूला भरपूर केळी. रस्त्याच्या कडेला घड टांगलेले असतात. आंबुल नावाची लहान केळी खा, किंचित आंबट. आपल्या केळीसारखी नुसती गोड नाही. लाल सालीचीही मिळते.

केळीवाला_रावेर
हे आधी सांगायचं ना मावशी! दोन कंद आणता येतील का? बांधावर लावून पाहतो.

तापीकाठ
अजिबात नाही. परवान्याशिवाय रोप, कंद, माती काही आणता येत नाही. पनामा मर हा केळीचा रोग कंदातून आणि मातीतूनच येतो, आणि एकदा जमिनीत शिरला की वर्षानुवर्षं निघत नाही. बुटाला शेतातली माती लागली असेल तर तीही तिकडेच धुऊन या.

केळीवाला_रावेर
बरोबर आहे. नाही आणत. एजंटाला आत्ताच फोन केला, शुक्रवारचं रद्द. रागावला, मग म्हणतो रत्नांचं दुकान काढून टाकतो, पण बेंटोटा ठेवा.

नवा_प्रवासी_धुळे
अंदमानला का जात नाही? पासपोर्ट लागत नाही.

शेवभाजी_९
तोरणमाळले बी लागत नही.