मदत हवी आहे: मोम्बासा-नैरोबी रेल्वेच्या कर्जकरारातलं एक कलम समजून घ्यायचंय

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी केनियातल्या मोम्बासा-नैरोबी रेल्वेवर दीर्घ लेख लिहिते आहे. खरा विषय रेल्वे नाही. तिचे कागद उजेडात आणण्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेले तिथले पत्रकार आणि कार्यकर्ते हा आहे. कायदा, बँकिंग किंवा बंदर-वाहतूक यातलं कळणाऱ्यांची मदत हवी आहे. केनियात राहणारं कुणी असेल तर फारच बरं.

थोडी पार्श्वभूमी. 2014 मध्ये चीनच्या एक्झिम बँकेने या मार्गासाठी केनियाला दोन कर्जं दिली. एक 1.6 अब्ज डॉलरचं, 2 टक्के व्याजाचं सवलतीचं. दुसरं जवळपास तेवढ्याच रकमेचं, पण व्यापारी, लायबोरच्या (बँका एकमेकींना कर्ज देताना लावत तो लंडनचा व्याजदर) वर 3.6 टक्के. काम चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशनकडे गेलं आणि मे 2017 च्या अखेरीस गाडी धावू लागली. करार मात्र कुलूपबंद.

जुलै 2018 मध्ये 'द स्टँडर्ड' या नैरोबीच्या वृत्तपत्राने रेल्वेतल्या केनियन कर्मचाऱ्यांशी बोलून मालिका छापली. जेवायला वेगळी टेबलं, चिनी सहकाऱ्यांच्या गाडीत बसायला मनाई, आणि इंजिन चालवायचं प्रशिक्षण घेतलेल्यांच्या हाती इंजिन जवळपास नाहीच. माणसं नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून बोलली होती. मला ही मालिका फार मोलाची वाटते, कारण तोवर चर्चा फक्त अब्जांच्या आकड्यांची चालली होती.

दुसरीकडे न्यायालयीन लढाई सुरूच होती. जून 2020 मध्ये केनियाच्या अपील न्यायालयाने या कामाचं कंत्राट देताना सरकारी खरेदीचा कायदा पाळला गेला नाही असा निकाल दिला. मग माहितीच्या हक्कासाठी (त्यांच्या राज्यघटनेचं कलम 35) कार्यकर्ते मोम्बासाच्या उच्च न्यायालयात गेले आणि 2022 मध्ये जिंकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या सरकारच्या वाहतूकमंत्र्यांनी काही करार जाहीर केले.

आता माझी अडचण. 2018 च्या अखेरीस महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाचं एक पत्र फुटलं आणि 'कर्ज थकलं तर मोम्बासा बंदर चीनकडे जाणार' अशी बातमी जगभर झाली. आधार होता सार्वभौमत्वाचं संरक्षण सोडून देण्याच्या कलमाचा. पुढे 2022 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी बंदर तारण नाही असं मांडलं. मी दोन्ही बाजू वाचल्या, पण वाचकाला चार ओळींत नेमकं काय सांगू? मराठीत या विषयावर 'चीनने बंदर गिळलं' याच्या पलीकडे फारसं वाचायला मिळत नाही. मला त्याच वाटेने जायचं नाही.

– शलाका

ताळेबंद (प्रतिसाद): बँकेत प्रकल्पकर्जांचं काम केलंय म्हणून सांगतो. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. तारण म्हणजे ठरावीक मालमत्ता कर्जाच्या नावाने बांधून ठेवणं. हे कलम वेगळं आहे. दावा झाला तर 'आम्ही देश आहोत, आमच्यावर कारवाई करता येत नाही' हा बचाव कर्जदार करणार नाही, एवढंच ते म्हणतं. परदेशी कर्जांत हे सर्रास असतं, देणारी बँक चिनी असो की युरोपीय. तेवढ्यावरून बंदर गहाण पडलं असं म्हणता येत नाही. तुम्ही जोर दुसरीकडे द्या: वाद झाला तर लवाद बीजिंगमध्ये, कायदा चीनचा, आणि बँकेच्या लेखी संमतीशिवाय करार उघड करायचा नाही. माझ्या मते खरी बातमी ही आहे.

युगांडाचं उदाहरणही घ्या. 2021 मध्ये एंटेबे विमानतळ चीनकडे जाणार अशी बातमी गाजली. पुढच्या वर्षी एडडेटा या संशोधन संस्थेने मूळ करार मिळवून छापला. विमानतळ गहाण नव्हता, पण त्याची कमाई बँकेला हक्क असलेल्या खात्यात ठेवायची अट होती. मथळा चुकला तरी अट जाचक होतीच.

नैरोबीकर: शलाकाताई, मी मालवाहतुकीत आहे. बंदर गहाण नसलं तरी कर्जाला बांधलेलं होतं, हे लेखात जरूर येऊ द्या. बंदर प्राधिकरणाने रेल्वेला ठरावीक माल पुरवायची हमी दिली होती, कमी पडला तर फरक भरायचा. ती हमी पाळायला सरकारने कंटेनर सक्तीने रेल्वेने नैरोबीच्या आगारात पाठवायला सुरुवात केली. मोम्बासाचे ट्रकवाले, गोदामवाले, हायवेवरची खानावळ चालवणारी माणसं, सगळ्यांचा धंदा बसला. लोक रस्त्यावर उतरले होते. राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी सप्टेंबर 2022 मध्ये सूत्रं घेताच माल सोडवण्याचं काम मोम्बासाला परत दिलं. शिवाय 2013 पासून आयात मालावर रेल्वेसाठी कर आहे, सुरुवातीला दीड टक्का. म्हणजे ज्याने ती गाडी कधी पाहिलीही नाही, तोही हप्ता भरतोय. न्यायालयाचे निकाल 'केनिया लॉ'च्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

शलाका: ताळेबंद, नैरोबीकर, मनापासून आभार. कलमाचं कोडं सुटलं. लेखाचा मधला भाग आता हमीच्या करारावर उभा करते. नैरोबीकर, एक विनंती: त्या काळात धंदा गेलेले मोम्बासाचे एखादे ट्रकमालक फोनवर बोलतील का? नाव छापणार नाही. त्यांना स्वाहिलीच सोयीची असेल तर दुभाषी म्हणून कुणी मदत करू शकेल का, तेही कळवा.

नैरोबीकर: दोघे जण डोळ्यासमोर आहेत. आधी त्यांना विचारतो, हो म्हणाले तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. दुभाष्याचं काम माझी बायको करेल, ती इथेच वाढली आहे.